वेत्रासन ते आरामखुर्ची : मुंबईच्या जुन्या बाजारातील फेरफटका

जैन लोकरचनेचे वर्णन करताना शास्त्रकारांनी ऊर्ध्वलोकाला मृदंगाची, मध्यलोकाला झल्लरीची आणि अधोलोकाला वेत्रासनाची उपमा दिली आहे. स्वाध्यायात हे शब्द नेहमी कानी पडतात. वेत्रासन म्हणजे वेताचे आसन, तळाशी रुंद आणि वर निमुळते होत जाणारे. अधोलोकाचा विस्तार तळाशी सात राजू आणि वर एक राजू मानला असल्याने ही उपमा चपखल बसते. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तही घरी आलेल्या सप्तर्षींना हिमालय वेत्रासनावरच बसवतो. वेतावर बसण्याची रीत या देशात इतकी जुनी आहे. पाठ आणि हात असलेली खुर्ची मात्र बाहेरून आली. ‘खुर्ची’ हा शब्दही अरबी-फारसी ‘कुर्सी’वरून आलेला.

या पाहुण्या खुर्चीला आपल्याकडच्या वेताची जोड मिळाली आणि ती मुंबईच्या घरांत कायमची स्थिरावली. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, दादर, माटुंगा येथील जुन्या बिऱ्हाडांत जाळीदार पाठीची निदान एक खुर्ची असे. घरातील वडीलधाऱ्यांची वर्तमानपत्र वाचण्याची जागा तीच. आता त्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. नव्या सदनिकेत जाताना सामान कमी करावे लागते आणि वीण तुटलेली खुर्ची प्रथम बाहेर पडते. काही महिन्यांनी तशीच एखादी खुर्ची पॉलिश होऊन बाजारात मांडली जाते आणि ‘व्हिंटेज’ या नावाने कित्येक पट किमतीला दुसऱ्या घरी जाते. देणाऱ्याला वस्तूचे मोल ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला तिची पारख नसते; मधला फरक दुकानदाराच्या गल्ल्यात जमा होतो. म्हणून बाजाराची वाट धरण्यापूर्वी वस्तू समजून घेणे हिताचे.

वेल, साल आणि वीण

वेत हा बांबूचा भाऊबंद समजला जातो. प्रत्यक्षात तो ताडाच्या कुळातला. बांबू आतून पोकळ असतो, वेत भरीव. काटेरी आकड्यांच्या आधाराने तो रानातील उंच झाडांवर चढत जातो आणि त्याची काही खोडे शंभर मीटरहूनही लांब वाढतात. पश्चिम घाट, ईशान्य भारत आणि अंदमान येथे तो होतो. जागतिक बाजारातील बहुतांश वेत इंडोनेशियाचा असतो. खोडाची बाहेरची चकचकीत साल काढून तिच्या अरुंद पट्ट्या करतात. खुर्चीची जाळी विणली जाते ती या सालीच्या पट्ट्यांनी. आतला गाभा टोपल्या आणि इतर विणकामासाठी उपयोगी पडतो.

हाताने विणायच्या आसनाच्या लाकडी चौकटीला कडेकडेने सुमारे अर्ध्या इंचाच्या अंतराने भोके पाडलेली असतात. पाण्यात भिजवून मऊ केलेली पट्टी पहिल्या फेरीत मागून पुढे जाते, दुसऱ्या फेरीत डावीकडून उजवीकडे. तिसरी फेरी पुन्हा उभी आणि चौथी पुन्हा आडवी; ही चौथी फेरी उभ्या पट्ट्यांच्या वरून-खालून गुंफावी लागते. पाचवी आणि सहावी फेरी तिरपी, एकमेकींना छेदणारी. शेवटी भोके झाकणारी किनार बांधली जाते. एवढे झाल्यावर अष्टकोनी छिद्रांची ती ओळखीची जाळी तयार होते. पट्ट्या सुकल्या की आकसतात आणि जाळी ताठ होते. प्रत्येक पट्टी दुसरीला धरून ठेवत असल्याने इतके पातळ साहित्य माणसाचा भार वर्षानुवर्षे पेलते.

इंग्लंडमध्ये अशा खुर्चीची आवड वाढली ती दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकिर्दीत, म्हणजे १६६० ते १६८५ या काळात. पोर्तुगीज राजकन्या कॅथरीन हिच्याशी ठरलेल्या विवाहाच्या १६६१ च्या करारात मुंबई आंदण मिळाली ती याच राजाला, आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली तीही यानेच. आशियातला वेत जहाजांतून लंडनला पोहोचू लागला आणि तेथील लोकरीच्या व्यापाऱ्यांना धास्ती वाटू लागली, कारण तोवर खुर्चीची बैठक लोकरी कापडाची असे. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा वाद पार्लमेंटपर्यंत गेला. वेताच्या खुर्च्या करणाऱ्यांनी त्या वेळी आपली बाजू मांडली, ती आजही पटण्याजोगी आहे : या खुर्च्या हलक्या आहेत, टिकाऊ आहेत आणि कापडी बैठकीत हमखास होणारी धूळ, कीड व कसर यांत होत नाही. लंडनपेक्षा मुंबईच्या दमट हवेला हे गुण अधिक मानवले. विजेचे पंखे येण्यापूर्वीच्या काळात ज्या आसनातून पाठीला वारा लागतो, त्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

मटन स्ट्रीटवर

मुंबईत जुनी खुर्ची शोधणाऱ्याची पावले प्रथम चोर बाजाराकडे वळतात. भेंडी बाजाराला लागून असलेल्या या वस्तीत पुराण्या वस्तूंची दुकाने ज्या गल्लीत एकवटली आहेत तिचे नाव मटन स्ट्रीट. शाकाहारी माणसाला नाव खटकते. पण दुकानांत पाहावे तर घड्याळे, ग्रामोफोन, काचेच्या हंड्या, जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके आणि लाकडी सामान. येथील गोंगाटामुळे मूळ नाव ‘शोर बाजार’ होते आणि इंग्रजांच्या उच्चाराने त्याचे ‘चोर बाजार’ झाले, अशी कथा येथे सांगितली जाते. शुक्रवारी ही दुकाने बंद असतात. त्या दिवशी पहाटेपासून रस्त्यावर वेगळाच जुना बाजार भरतो. फर्निचर पाहायचे तर शुक्रवार टाळावा आणि सकाळी उशिरा, दुकाने उघडून उजेड आत पोहोचल्यावर जावे.

दुकाने अरुंद असतात आणि माल छतापर्यंत रचलेला असतो. खुर्च्या एकमेकींवर पालथ्या घातलेल्या, काही छताला टांगलेल्या. ग्राहकाच्या दृष्टीने ही रचना सोयीची आहे, कारण खुर्चीची खरी माहिती तिच्या पोटाशी असते. थोडा वेळ दिला तर प्रकार वेगळे ओळखता येतात. कचेरीतील हातांची साधी खुर्ची, आसन व पाठ वेताची, अंगावर कोरीव काम नाही. रेल्वेच्या प्रतीक्षालयात असे तसले लांब बाक. मळेवाल्या साहेबांची आरामखुर्ची : पाठ मागे कललेली, हात लांब, आणि हाताखालची फळी बाहेर फिरवली की पाय पसरता येतात. दोघांनी विरुद्ध दिशांना तोंड करून शेजारी बसायचे नागमोडी आसन. पितळी कड्यांचा झोपाळा. पेढीवर गादी-तक्क्यापुढे मुनीमजी मांडत ते उतरत्या झाकणाचे मेज. खुर्ची नसलेल्या बैठकीचा हा शेवटचा साक्षीदार झवेरी बाजार आणि काळबादेवीच्या पेढ्यांतून येथे येतो.

लाकडे मुख्यतः दोन. पहिले सागवान. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने ब्रह्मदेशातील सागाचा मोठा व्यापार उभारला आणि मुंबईच्या घरांना जिने, दारे, पलंग, खुर्च्या यांसाठी ते लाकूड मिळत गेले. सागाच्या अंगी नैसर्गिक तेल असते, म्हणून त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही. दुसरे शिसवी, काळसर, जड आणि कोरीव कामाला उत्तम. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कारागिरांनी याच लाकडात वेलबुट्टीचे दाट कोरीव काम केलेले सामान घडवले आणि ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ या नावाने ते परदेशी गेले. दिसायला ते भव्य असते; परंतु लहान सदनिकेत त्याचा भार वाटतो आणि कोरीव खाचांत धूळ बसते. मध्यमवर्गीय घराला साध्या सागवानी वेताच्या खुर्चीची सोबत अधिक मानवते.

या बाजाराच्या शेजारीच भेंडी बाजाराचा समूह पुनर्विकास सुरू आहे. त्यासाठीचा न्यास २००९ मध्ये स्थापन झाला आणि साडेसोळा एकरांतील सुमारे अडीचशे इमारती या योजनेत आहेत. जुन्या इमारती रिकाम्या होतात तेव्हा जुन्या बाजारात मालाची आवक वाढते, आणि एक दिवस ती आटते. खरा जुना माल येथे यापुढे कमीच होत जाणार.

इराण्याच्या हॉटेलातील खुर्ची

चोर बाजारातून मेट्रो चित्रपटगृहाच्या दिशेने आले की १९०४ पासून चालू असलेले कयानी लागते. चहा-ब्रून मस्कासाठी प्रसिद्ध असलेल्या अशा इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलाभोवती जी काळी, गोल बैठकीची, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची असते, तिची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे.

मायकेल थोनेट (१७९६–१८७१) या जर्मन सुताराने वाफेवर लाकूड मऊ करून ते साच्यात वाकवण्याची रीत परिपूर्ण केली. व्हिएन्नात स्थिरावलेल्या त्याच्या संस्थेने १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ची खुर्ची काढली. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्यांचे सुटे भाग मावत आणि पोहोचल्या ठिकाणी जोडले जात. १८६९ मध्ये एकस्वाची मुदत संपली आणि मध्य युरोपात इतर कारखान्यांनीही तशाच खुर्च्या सुरू केल्या. स्वस्त, हलकी आणि पेटीबंद येणारी ही खुर्ची जहाजाने जगभर पसरली. मुंबईच्या इराण्यांनाही ती सोयीची वाटली.

या खुर्चीची मूळ बैठक वेताची असे. गर्दीच्या हॉटेलांत पुढे बहुधा प्लायवुडची गोल तबकडी बसवली गेली. बाजारात अशी खुर्ची मिळाल्यास ती उलटी करून बैठकीच्या कड्याची आतील बाजू पाहावी. तेथे कारखान्याचा ठसा किंवा कागदी चिठ्ठीचा अवशेष असतो. कड्याला भोवताली भोके असतील आणि वर प्लायवुड ठोकलेले असेल, तर ती मुळात वेताची होती आणि पुन्हा विणता येईल. एक सावधगिरी मात्र हवी. हे लाकूड बीच जातीचे. त्याला सागासारखे वाळवीपासून संरक्षण नाही. तळाच्या कड्यावर आणि पायांच्या टोकांवर टाचणीएवढी भोके व पिठासारखा भुगा दिसला, तर स्वस्त मिळाली तरी सोडून द्यावी. कीड लागलेले लाकूड घरात आणून मग औषध फवारून जीव घेण्यापेक्षा ते न आणणे बरे.

चांदर आणि लोटली

जाळीची खुर्ची तिच्या मूळ घरात, तिच्या जागी मांडलेली पाहायची असेल तर मुंबईहून गोव्याला जावे. मडगावच्या पूर्वेला चांदर हे गाव आहे. कदंबांची प्राचीन राजधानी चंद्रपूर ती हीच. तेथील ब्रागांझा वाडा दोन कुटुंबांत विभागलेला असून त्याचे दिवाणखाने पाहुण्यांना दाखवले जातात. नृत्याच्या दालनात भिंतीलगत खुर्च्यांच्या रांगा आहेत. पोर्तुगालचा राजा दों लुईश याने भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्याही तेथे जपल्या आहेत. लोटली गावातील फिगरेदो घराण्याचा वाडाही असाच पाहता येतो.

या वाड्यांत फिरताना एक गोष्ट लक्षात येते. शिसवी चौकट आणि वेताची जाळी हे दोन्ही येथे एकमेकांना उठाव देतात. काळ्या लाकडामधून पलीकडची भिंत, खिडकीतला उजेड झिरपत राहतो आणि भरलेले दालनही मोकळे वाटते. लहान सदनिकेसाठी वेताची पाठ का निवडावी, याचे उत्तर या मोठ्या दालनांत सापडते : तिने नजर अडत नाही. पाय पसरण्याच्या आरामखुर्चीला गोव्यात ‘वोल्तेर’ म्हणतात. आणि दारापुढच्या ‘बाल्कांवा’त दोन्ही बाजूंना बांधलेले दगडी सोपे असतात. संध्याकाळी घरातील माणसे तेथे बसून रस्त्यावरच्या ओळखीच्यांशी बोलतात. दिवाणखान्यातील खुर्ची मानासाठी आणि बाहेरचे आसन गप्पांसाठी, अशी ही वाटणी आहे. घरासाठी बैठक निवडताना प्रथम हाच प्रश्न विचारावा : या आसनावर कोण बसणार आणि किती वेळ?

ओशिवऱ्यात खरे आणि खोटे

मुंबईत परतल्यावर फर्निचरचा दुसरा मोठा बाजार जोगेश्वरी पश्चिमेला, ओशिवऱ्यात. चोर बाजारापेक्षा येथे जागा मोठी आणि माल अधिक. दारासमोर मोडक्या खुर्च्यांचे ढीग, मागे सुतार आणि पॉलिशवाले. येथे खरी जुनी वस्तू, जुन्या लाकडातून नव्याने घडवलेली वस्तू आणि निखळ नक्कल या तिन्ही शेजारी-शेजारी उभ्या असतात. जुन्या लाकडाची नवी खुर्ची वाईट नसते. तिची किंमत नव्या खुर्चीची द्यावी, एवढेच.

पारख करण्यास विशेष साधने लागत नाहीत. खुर्ची उलटी करावी. जुन्या लाकडाची न रंगवलेली खालची बाजू हवेने काळवंडलेली असते. वरून तपकिरी आणि खालून पांढरट असेल तर रंग नवा आहे. झीज कोठे आहे ते पाहावे. जेथे माणसाचा हात आणि पाय लागतो तेथेच ती हवी : हातांची टोके, पुढची आडवी पट्टी, पायांचे तळ. सगळीकडे सारखीच झीज असेल तर ती कानशीने केलेली. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच असेल, तर तो स्क्रू १९३० च्या दशकानंतरचा. निदान तो सांधा तरी नंतरचा. मग खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून पाठीला हलका हिसका द्यावा. सांधा किंचित हलत असेल तर सुतार तो उकलून पुन्हा बसवू शकतो. चौकटीलाच उभी चीर गेली असेल आणि ती भोकांच्या रांगेतून जात असेल, तर ती चौकट विणीचा ताण सोसणार नाही.

वीण तुटलेली असली तरी बिचकू नये. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर चौकट हे मुद्दल आहे आणि वीण हा दुरुस्तीचा चालू खर्च. वेत काही वर्षांनी कोरडा पडून तुटणारच. तो बदलता यावा अशीच ही खुर्ची घडवलेली असते. चौकटीला भोके असतील तर ती हाताने विणावी लागते. भोकांऐवजी चारी बाजूंनी एकसलग खाच असेल, तर यंत्रावर विणलेला तयार तक्ता खाचेत दाबून वर वेताची काडी ठोकलेली असते; हे काम जलद आणि स्वस्त. काही जुन्या खुर्च्यांच्या पाठीला दोन्ही बाजूंनी जाळी असते, त्यांची विणाई महाग पडते. भाव करताना हा खर्च आधी विचारून घ्यावा. वेताऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरली आहे का, तेही पाहावे. प्लॅस्टिकचा रंग सर्वत्र एकसारखा असतो आणि त्यावर सालीच्या गाठींच्या खुणा नसतात.

जुन्या वस्तूंच्या बाबतीत दोन कायदेशीर गोष्टी विशेषतः परदेशी स्थायिक झालेल्या मुलांसाठी खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवाव्यात. १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षे वा त्याहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वयाविषयी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. शिवाय शिसवी ज्या वंशातील आहे त्या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून परवान्याच्या कक्षेत आला आहे. दुकानदार ‘घरपोच परदेशात पाठवू’ म्हणाला म्हणजे कागदपत्रे झाली असे नाही.

मोल न कळल्याचे मोठे उदाहरण चंडीगडचे आहे. ले कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानेरे १९५० च्या दशकात तेथे काम करीत होते. नव्या शहराच्या कचेऱ्यांसाठी त्यांनी सागवान आणि वेत यांच्या खुर्च्या तयार केल्या, कंपासाच्या टोकांसारखे फाकलेले त्यांचे पाय. हे साहित्य देशात मिळणारे, कारागीर येथलेच आणि वस्तू साधी. पुढे वीण तुटली तशा त्या कचेऱ्यांच्या गच्च्यांवर साठल्या आणि भंगारात लिलाव झाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांचे भाव आले. २०११ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने या वारसा-फर्निचरच्या विक्रीला व निर्यातीला बंदी केली, तोवर बरेच सामान निघून गेले होते. ज्या खुर्च्या नव्याने विणल्या असत्या तर आणखी कित्येक वर्षे कचेरीतच कामी आल्या असत्या, त्या केवळ जाळी फाटल्यामुळे भंगार ठरल्या.

विणणारे हात

वीण बदलता येते, हे विधान विणणारा आहे तोवरच खरे. हे काम शहरांत दीर्घकाळ अंध कारागिरांनी सांभाळले. भोके बोटांना जाणवतात, पट्टीची चकचकीत बाजू स्पर्शाने कळते आणि वरून-खालून जाण्याचा क्रम एकदा हाती बसला की चुकत नाही. म्हणून अंधांच्या शाळांत आणि कर्मशाळांत खुर्ची विणणे शिकवले गेले. सरकारी कचेऱ्या, बँका आणि न्यायालये यांच्या खुर्च्या वर्षानुवर्षे या कारागिरांकडे दुरुस्तीला जात. नंतर कचेऱ्यांत फोमच्या आणि चाकांच्या खुर्च्या आल्या. वेताची मागणी आटली तशी शिकणाऱ्यांची संख्याही आटली.

म्हणून जुनी खुर्ची घेणाऱ्याने विणाईचे काम शक्य तर अशा कर्मशाळेत किंवा हाताने विणणाऱ्या कारागिराकडे द्यावे. एका आसनाला एक-दोन दिवसांचे लक्षपूर्वक श्रम लागतात. दुकानात खुर्चीसाठी हजारो रुपये सहज मोजणारा ग्राहक विणाईच्या मजुरीवर घासाघीस करतो, हे दृश्य ओशिवऱ्यात नेहमी दिसते. घासाघीस दुकानदाराशी करावी. कारागिराला त्याचा दर द्यावा. मजुरी परवडत नाही म्हणून आणखी दोन हात हे काम सोडून गेले, तर उरलेल्या सर्व खुर्च्यांचे मोल कमी होते.

घरात आणताना

खरेदीपूर्वी तीन मापे घ्यावीत : घराच्या दाराची रुंदी, लिफ्टची खोली आणि टेबलाखालची मोकळी उंची. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंच असावी. आरामखुर्ची दिसते तितकी सर्वांना सोयीची नसते. तिची बैठक ठेंगणी आणि मागे उतरती असल्याने गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना उठताना आधार लागतो. त्यांच्यासाठी सरळ पाठीची, भक्कम हातांची कचेरी खुर्ची अधिक योग्य. विणलेल्या आसनावर उभे राहू नये, एक गुडघा टेकून खिडकी पुसू नये. भार एका बिंदूवर आला की नवी वीणही फाटते. मुले असलेल्या घरात पातळ गादी ठेवावी.

काही जुन्या खुर्च्यांची बैठक चामड्याची किंवा घोड्याचे केस भरलेली असते. जैन घरात तशी नको असेल तर खरेदीपूर्वी कापडाची कड उचलून आत पाहावे. आत भोकांची चौकट असेल तर चामडे काढून वेत विणता येतो. पॉलिशच्या बाबतीतही विचारावे. नेहमीचे स्पिरिट पॉलिश चपड्याचे, म्हणजे लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या द्रव्याचे असते. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सुताराला जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यायला सांगावे. सागवानावर ते शोभून दिसते. मात्र तेल लावलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेटू शकतात.

निगा थोडी लागते. बैठक सैल पडली तर खुर्ची उलटी करून जाळीच्या खालच्या बाजूने ओले फडके फिरवावे आणि रात्रभर सावलीत सुकू द्यावे. तुटलेली नसेल तर ती पुन्हा ताणली जाते. कडक ऊन आणि वातानुकूलन यंत्राचा थेट झोत या दोन्हींनी वेत कोरडा होऊन तडकतो. पावसाळ्यात भिंतीपासून थोडी दूर ठेवावी आणि बुरशी दिसल्यास कोरड्या ब्रशाने झाडावी.

वस्तू साठवण्याचा मोह मात्र आवरावा. चार घरांच्या चार खुर्च्या दिवाणखान्यात आणून त्यांवर कोणालाच बसू न देणे यात परिग्रह वाढतो आणि खुर्ची निकामी राहते. रोज वापरली जाणारी एक खुर्ची पुरे.

ज्यांच्या इमारतीला पुनर्विकासाची नोटीस आली आहे, त्यांनी बाजारात जाण्याआधी पोटमाळा पाहावा. तेथे मोडकी खुर्ची असेल तर ती खाली उतरवून उलटी करावी. चौकट सरळ आहे का, भोके शाबूत आहेत का, लाकडात भुगा नाही ना, एवढे पाहिले की निर्णय घेता येतो. चौकट चांगली निघाली तर भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी विणकराला बोलवावे.